जुन्या शेवरोलेत एलएस इंजिन बसवताना क्लच आणि गिअरबॉक्सची निवड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेट्रॉइटच्या आसपास मोटार उद्योगात काम करणारी मराठी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांतल्या काहींच्या गॅरेजमध्ये आता १९६७-६९ ची कॅमरो किंवा जुना सी-१० पिकअप येऊन उभा राहिला आहे. इंजिन कोणतं घालायचं हे बहुतेकांचं पक्कं असतं, गाडी अडते ती इंजिनाच्या मागे. क्लच, फ्लायव्हील, बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं घंटेसारखं आवरण), गिअरबॉक्स हे चार ठिकाणांहून चार वेळा स्वस्तात मिळाले म्हणून घेतले जातात, आणि जोडायला बसल्यावर एकाचा दुसऱ्याशी मेळ बसत नाही. माझं सांगणं एवढंच, की क्रँकच्या मागच्या तोंडापासून गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टपर्यंतची सगळी साखळी आधी कागदावर मांडा, मापं लिहा आणि मगच पैसे काढा. खालचे प्रश्न हाताने चालवायच्या, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सबद्दल आहेत.

एलएस म्हणजे नेमकं कोणतं इंजिन? माझ्याकडे ट्रकचं ५.३ आहे, ते त्यात येतं का?

येतं. एलएस हे जनरल मोटर्सच्या व्ही-८ इंजिनांचं एक घराणं. १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये ५.७ लिटरचं एलएस-१ आलं आणि १९९९ पासून त्याच घराण्यातली ४.८, ५.३ आणि ६.० लिटरची इंजिनं ट्रकमध्ये बसू लागली. सिल्व्हराडो, टाहो, सबर्बन यांतलं ५.३ जंकयार्डात सहज मिळतं, म्हणून बहुतेकांची सुरुवात त्यानेच होते. ब्लॉकची मागची बाजू सगळ्यांची जवळपास सारखी. अपवाद ध्यानात ठेवा: सुपरचार्जरवाल्या एलएसए इंजिनाच्या क्रँकला फ्लायव्हीलचे आठ बोल्ट असतात आणि एलएस-९ ला नऊ. बाकीच्यांना सहा. तेव्हा फ्लायव्हील मागवण्याआधी भोकं मोजा.

जुन्या स्मॉल-ब्लॉकचं, म्हणजे एलएसच्या आधीच्या शेवरोले व्ही-८ चं, फ्लायव्हील आणि क्लच चांगल्या अवस्थेत आहे. तेच वापरलं तर?

फ्लायव्हील नाही चालणार. क्रँकवरची बोल्टांची रचना वेगळी आहे, आणि एलएसचे बोल्ट ११ मिलिमीटरचे, १.५ मिलिमीटर अंतराच्या आट्यांचे. शिवाय फ्लायव्हीलच्या संतुलनाचा प्रश्न येतो. एलएस इंजिन आतल्या आत संतुलित असतं, त्याला कोरं, वजन न लावलेलं फ्लायव्हील लागतं. १९८६ नंतरच्या बहुतेक जुन्या स्मॉल-ब्लॉकच्या फ्लायव्हीलवर मुद्दाम जास्तीचं वजन ठेवलेलं असे. भोकं पाडून, बुश घालून असं फ्लायव्हील एलएसवर चढवायची कल्पना कुणी सुचवली तर ऐकू नका. पायांपासून हातभर अंतरावर ते मिनिटाला सहा हजार फेरे घेणार असतं.

नवं घेताना १६८ दातांचं घ्या. एलएसचा स्टार्टर ब्लॉकवर बसतो आणि त्याच दातांच्या हिशेबाने बनलेला असतो. बोल्ट घट्ट करताना टॉर्क पाना लागणारच: तीन फेऱ्यांत १५, ३७ आणि शेवटी ७४ पाउंड-फूट, आमनेसामने, एकाआड एक.

क्लच प्लेटचं उत्तर गिअरबॉक्सवर अवलंबून आहे. ते पुढे येतंच.

सगळे ज्या "चारशे थाऊ"बद्दल बोलतात ते काय प्रकरण आहे?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.

जुन्या स्मॉल-ब्लॉकमध्ये बेल हाउसिंग जिथे टेकतं त्या पृष्ठभागापासून क्रँकचं मागचं तोंड एका ठरावीक अंतरावर असतं. एलएसमध्ये तेच तोंड ०.४०० इंच, म्हणजे दहा मिलिमीटरहून किंचित जास्त, पुढे सरकलेलं आहे. कारखान्यातल्या भाषेत तीन सुतांहून थोडं अधिक. १९९९ आणि २००० सालचं लोखंडी हेडचं ६.० लिटर, एलक्यू-४, याला अपवाद आहे. त्याचा क्रँक लांब असतो आणि जुन्या मापाशी जुळतो.

क्रँक पुढे गेला की फ्लायव्हील पुढे गेलं, त्याच्याबरोबर क्लच गेला, प्रेशर प्लेटची बोटं गेली आणि इनपुट शाफ्टच्या टोकाला आधार देणारं, क्रँकमध्ये बसणारं पायलट बेअरिंगही गेलं. गिअरबॉक्स मात्र जागच्या जागी, कारण तो बेल हाउसिंगला टेकतो. परिणामी जुन्या गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक पायलट बेअरिंगमध्ये जेमतेम शिरतं किंवा शिरतच नाही, आणि बोटं दाबून क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग त्यांच्यापर्यंत पोचत नाही. गाडी कदाचित चालेलसुद्धा. पण टोकाला आधार नसलेला शाफ्ट डोलतो, क्लच प्लेटचा हब झिजतो, आणि काही महिन्यांनी गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग ओरडायला लागतं. लोक मग गिअरबॉक्सला दोष देतात.

उपाय दोन. एक तर एलएससाठीच बनवलेल्या लांबीच्या इनपुट शाफ्टचा गिअरबॉक्स आणि त्याच्या जोडीचं बेल हाउसिंग घ्या. नाहीतर जुना गिअरबॉक्स ठेवा आणि हे चारशे थाऊ भरून काढणारे भाग, म्हणजे पुढे आलेलं पायलट बुश आणि योग्य उंचीचं रिलीज बेअरिंग, एकाच विक्रेत्याकडून संच म्हणून घ्या. दोन्ही उपायांचे अर्धे अर्धे भाग एकत्र करू नका.

बेल हाउसिंगची भोकं तर जुळतात असं ऐकलं.

बहुतेक जुळतात, एक जुळत नाही, आणि तेवढ्याने काम अडत नाही. बोल्ट मात्र बदलतात: जुने ३/८ इंची, इंचाला १६ आट्यांचे, तर एलएसचे १० मिलिमीटर, १.५ मिलिमीटर अंतराच्या आट्यांचे. ३/८ चा बोल्ट १० मिलिमीटरच्या भोकात सुरुवातीला जातो आणि म्हणूनच घात होतो. अॅल्युमिनियम ब्लॉकमधले आटे मेले तर दुरुस्तीला अख्खा दिवस जातो. जुने बोल्ट टेबलावर राहूच देऊ नका.

पायलट बेअरिंग कोणतं घ्यायचं? दुकानदार दोन दाखवतो.

एलएस क्रँकच्या मागे दोन घरं असतात. आत खोलवर एक लहान व्यासाचं, जुन्या स्मॉल-ब्लॉकइतकं, आणि बाहेर तोंडाशी एक मोठं. लांब इनपुट शाफ्ट असेल तर आतलं लहान बेअरिंग, आखूड असेल तर बाहेरचं मोठं. नक्की कोणतं हे शाफ्टचं टोक किती लांब येतं यावर ठरतं, गाडीच्या नावावर नाही. बेल हाउसिंग गिअरबॉक्सला लावून त्याच्या पुढच्या कडेपासून शाफ्टच्या टोकापर्यंत माप घ्या, दुसरं माप ब्लॉकपासून बेअरिंगच्या घरापर्यंत, आणि दोन्ही एका कागदावर लिहून त्यातली वजाबाकी करा. टोकाचा सरळ, गुळगुळीत भाग बेअरिंगच्या रुंदीत पूर्ण बसला पाहिजे, आणि त्याच्या पुढे थोडी मोकळी जागा उरली पाहिजे.

माझ्या कॅमरोत मूळचा मन्सी चार-गिअरचा आहे. तो ठेवू की बदलू?

मन ठेवावं म्हणत असेल तर ठेवा, यात कमीपणा काहीच नाही. मन्सी १९६३ ते १९७४ पर्यंत बनला आणि चांगल्या अवस्थेतला मन्सी साध्या ५.३ ला पेलतो. दोन गोष्टी पाहा. स्प्लाइन, म्हणजे इनपुट शाफ्टवरचे लांबट दात, मोजा: जुन्या मन्सीला १० असतात, शेवटच्या वर्षांतल्याला २६. क्लच प्लेटचा हब त्यावर ठरतो. दुसरी गोष्ट, चौथा गिअर एकास एक आहे. महामार्गावर इंजिन सतत चढ्या फेऱ्यांत राहील. तुम्ही दर आठवड्याला ॲन आर्बरहून ग्रँड रॅपिड्सला जाणार असाल तर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे एकापेक्षा कमी गुणोत्तराचा गिअर, हवाच. रविवारी सकाळी गावात चक्कर मारायची असेल तर मन्सीइतका आनंद दुसऱ्यात नाही.

पिकअपवाल्यांना एसएम-४६५ हा ट्रकचा जुना गिअरबॉक्स भेटेल. पहिला गिअर ६.५५, ओव्हरड्राइव्ह नाही. ओझं ओढायला उत्तम, बाकी कशाला नाही.

जंकयार्डातून टी-५६, म्हणजे सहा गिअरचा गिअरबॉक्स, घेतो आहे. काय तपासू?

सगळ्यात आधी, तो कोणत्या गाडीतून निघाला ते. १९९८ ते २००२ च्या कॅमरो किंवा फायरबर्डचा असेल तर तुमचं काम सोपं, कारण तो एलएस-१ च्या मागेच होता. १९९३ ते ९७ चा असेल तर तो जुन्या एलटी-१ इंजिनाचा. त्याचा क्लच ओढून सुटणारा, एलएसचा ढकलून सुटणारा. इनपुट शाफ्ट, पुढची प्लेट, बेल हाउसिंग, सगळं बदलावं लागतं आणि स्वस्ताई तिथेच संपते. कॉर्व्हेटचा टी-५६ तर घेऊच नका. तो मागच्या चाकांजवळ डिफरन्शियलला जोडलेला असतो, कॅमरोच्या मधोमध तो बसत नाही.

मग हात लावून पाहा. इनपुट शाफ्ट धरून वरखाली हलवा, थोडी हालचाल चालते, खडखड नाही. सगळे गिअर हाताने टाकून बघा. तिसरा-चौथा लागताना लिव्हर सैल, भरकटलेला वाटला तर आतल्या शिफ्ट फोर्कची पॅडं गेलेली असू शकतात. तेल एका पांढऱ्या भांड्यात काढा. बारीक राखाडी गाळ चालेल. पितळी चमचम दिसली तर सिंक्रो रिंगा, म्हणजे गिअर खरखर न होता लागावा म्हणून असलेल्या पितळी कड्या, झिजल्या आहेत. धातूचे तुकडे दिसले तर पैसे परत खिशात.

नवाच घ्यायचा ठरवला तर टीकेएक्स की मॅग्नम?

दोन्ही ट्रेमेकचे. टीकेएक्स पाच गिअरचा, ६०० पाउंड-फुटांपर्यंतच्या टॉर्कसाठी. मॅग्नम सहा गिअरचा, ७०० पर्यंत. साध्या ५.३ चा टॉर्क सव्वातीनशेच्या आसपास, एलएस-३ चा ४२४. म्हणजे ताकदीच्या दृष्टीने दोन्ही पुरून उरतात. खरा फरक आकाराचा. मॅग्नमसाठी १९६७-६९ च्या कॅमरोच्या फ्लोअरचा टनेल कापून उंच करावा लागतो. टीकेएक्स जुन्या गाड्या डोळ्यासमोर ठेवूनच बनवला आहे, त्याला फार कापाकापी लागत नाही. वेल्डिंग येत नसेल, किंवा मूळ फ्लोअरला हात लावायचा नसेल, तर टीकेएक्स घ्या. माझा कल बहुतेकांच्या बाबतीत तिकडेच असतो.

गिअरचं गुणोत्तर कसं निवडू? मॅग्नमचे दोन प्रकार दिसतात.

एकात पहिला २.६६ आणि सहावा ०.६३, दुसऱ्यात पहिला २.९७ आणि सहावा ०.५०. एकट्या गिअरबॉक्सकडे पाहून हे ठरत नाही. मागचा डिफरन्शियल आणि टायर हिशेबात घ्या. सूत्र असं: ताशी मैल, गुणिले गिअर, गुणिले डिफरन्शियल, गुणिले ३३६, भागिले टायरचा व्यास इंचांत. येतात ते इंजिनाचे मिनिटाला फेरे.

२६ इंची टायर, ३.७३ चा डिफरन्शियल आणि ताशी ६५ मैल धरू. मन्सीच्या चौथ्यात सुमारे ३,१३० फेरे. टीकेएक्सचा ०.७२ चा पाचवा असेल तर २,२५०. मॅग्नमच्या ०.६३ मध्ये १,९७० आणि ०.५० मध्ये १,५७०. हा शेवटचा आकडा कागदावर छान दिसतो, पण तेज कॅम घातलेलं इंजिन त्या फेऱ्यांना हिसके देत चालतं, आणि लहानशा चढावर खाली यावं लागतं. मूळ ३.०८ चा डिफरन्शियल तसाच ठेवून ०.५० घेतलात तर १,३०० च्या खाली जाल. तो सहावा गिअर तुम्ही कधी वापरणारच नाही.

पहिल्या गिअरसाठी त्याचं आणि डिफरन्शियलचं गुणोत्तर गुणा. दहाच्या आसपास आलं तर गाडी रस्त्यावर सुखाने सुटते. २.६६ आणि ३.७३ चे ९.९ येतात. आठच्या घरात असेल तर प्रत्येक सिग्नलला क्लच घसरवावा लागेल. बाराच्या पुढे गेलं, तर पहिला गिअर टाकला न टाकला तोच दुसरा टाकायची वेळ येते.

क्लच किती दणकट घ्यावा? शर्यतीचा घेतला तर पुढची काळजी मिटेल ना?

काळजी मिटत नाही, नवी सुरू होते. सिरॅमिक पट्ट्यांची प्लेट चिमटीत पकडल्यासारखी एकदम लागते. वाहतुकीत गाडी थरथरते, पाय दुखतो, आणि तो धक्का डिफरन्शियलपर्यंत जातो. रस्त्यावरच्या गाडीला सेंद्रिय लायनरची, हबमध्ये स्प्रिंग असलेली एकेरी प्लेट पुरते. इंजिनाच्या टॉर्कपेक्षा पाव ते तिसरा हिस्सा जास्त क्षमता धरा, त्याहून जास्त नको. पुष्कळजण एलएस-७ चा मूळ कारखान्याचा क्लच घेतात. तो ७.० लिटरच्या, ५०५ अश्वशक्तीच्या आणि ४७० पाउंड-फुटांच्या इंजिनासाठी बनला होता, पायाला हलका आहे आणि किमतीलाही परवडतो. त्याच्या जोडीचं फ्लायव्हील घ्यायला विसरू नका, त्याची उंची ठरलेली असते. टर्बो लावायचा पक्का बेत असेल तरच दुहेरी प्लेटकडे वळा.

जुनी लिव्हरची लिंकेज ठेवता येईल का, की हायड्रॉलिकच?

ठेवता येते, पण एलएस ब्लॉकवर जुन्या लिंकेजच्या गोळ्याला जागा नसते, ब्रॅकेट लावावा लागतो, आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड त्याच वाटेवर येतो. हायड्रॉलिक सोपं.

हायड्रॉलिकमध्ये शाफ्टभोवती बसणारं रिलीज बेअरिंग घेतलं, तर बोटं आणि बेअरिंग यांमधली फट मोजल्याशिवाय गिअरबॉक्स चढवू नका. क्लच बसवून झाल्यावर बेल हाउसिंगच्या मागच्या कडेपासून प्रेशर प्लेटच्या बोटांपर्यंतचं अंतर घ्या. सरळ पट्टी आडवी ठेवून मोजत असाल तर पट्टीची जाडी वजा करा. मग गिअरबॉक्सच्या तोंडापासून, पूर्ण दाबलेल्या बेअरिंगच्या पृष्ठभागापर्यंतचं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की फट मिळते. समजा ३.२५० आणि ३.००० आलं, तर फट २५० थाऊ. उत्पादक साधारण १५० ते २०० मागतात, तेव्हा ८० थाऊची चकती घाला, १७० उरेल. फट फार कमी ठेवली तर प्लेट झिजताना बोटं मागे येतात, बेअरिंगवर टेकतात आणि क्लच घसरू लागतो. फार जास्त ठेवली तर क्लच सुटत नाही. मूळ एलएस-१ चं स्लेव्ह (रिलीज बेअरिंग ढकलणारा हायड्रॉलिक सिलिंडर) आपोआप जुळवून घेतं, त्याला ही फट लागत नाही. तुमच्या हातातलं कोणतं आहे ते कागदपत्रात पाहा.

हवा काढायची नळी बाहेर लांबवून घ्या. गिअरबॉक्स चढल्यावर तो स्क्रू हाताला लागत नाही.

बेल हाउसिंग मध्यावर आहे का, हे खरंच तपासावं लागतं? नवंच तर आहे.

हो, तपासावं लागतं. डायल गेज चुंबकाने फ्लायव्हीलवर बसवा, त्याचं टोक बेल हाउसिंगच्या मागच्या मोठ्या भोकाच्या आतल्या कडेला टेकवा आणि क्रँक हाताने पूर्ण फेरा फिरवा. काट्याचं एकूण फिरणं पाच थाऊच्या आत हवं. सात-आठ आलं तरी गाडी चालेल, पण इनपुट शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात किंचित वाकत राहतो. मग वरच्या फेऱ्यांना गिअर अडखळतो, पायलट बेअरिंग लवकर जातं. बेल हाउसिंगची जागा ठरवणाऱ्या डोवेल पिना मध्यापासून सरकवलेल्या, ७, १४ आणि २१ थाऊच्या मिळतात. काट्याने दाखवलेल्या आकड्याच्या निम्म्याच्या सगळ्यात जवळची घ्या: १४ आलं तर ७ ची. हे काम संध्याकाळभराचं आहे आणि याचा कंटाळा करणारे पुन्हा गिअरबॉक्स उतरवतात.

गिअरबॉक्समध्ये तेल कोणतं?

टी-५६ मध्ये डेक्स्रॉन-३ प्रकारचं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल. मन्सीत जीएल-४ चं गिअर ऑइल. जीएल-५ टाकू नका, त्यातली गंधकाची रसायनं पितळी सिंक्रोला सोसत नाहीत.

टी-५६ वर इतके प्लग आहेत, कोणता कुठे?

रिव्हर्स गिअर अडवणारा सॉलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी खीळ, आहे. त्याला वीज दिली की अडथळा हलका होतो, नाही दिली तर जोर लावून टाकावा लागतो. पहिल्यातून थेट चौथ्यात ढकलणारा एक सॉलेनॉइड आहे, तो जोडूच नका. वेगाचा सेन्सर आणि रिव्हर्सच्या दिव्यांचा स्विच मात्र जोडा. जुन्या तारेच्या स्पीडोमीटरसाठी मॅग्नम आणि टीकेएक्समध्ये सोय आहे, १९९८ नंतरच्या टी-५६ मध्ये नाही.

प्रॉपेलर शाफ्ट जुनाच राहील का?

क्वचितच. गिअरबॉक्सची लांबी बदलते, मागचे स्प्लाइनही. गाडी चाकांवर उभी असताना, जॅकवर नव्हे, माप घेऊन नवा बनवून घ्या. दोन्ही टोकांचे कोन एकमेकांच्या एका अंशाच्या आत आणि प्रत्येकी तीन अंशांच्या खाली ठेवा. अगदी शून्यही नको, सांध्याची सुई-बेअरिंगं फिरायला थोडा कोन लागतो.

हे कायदेशीर आहे का? आणि भारतात करता येईल का?

मिशिगनमध्ये गाड्यांची प्रदूषण चाचणी नाही. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग चाचणी माफ आहे. त्यानंतरच्या गाडीत इंजिन बदलायचं तर नवं इंजिन गाडीइतक्याच किंवा त्यानंतरच्या सालचं, प्रदूषणरोधक सगळ्या भागांसकट हवं आणि सरकारी रेफ्रीकडून, म्हणजे नेमलेल्या तपासनिसाकडून, तपासून घ्यावं लागतं.

भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ लागू होतं. नोंदणीपुस्तकात उत्पादकाने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. पुण्या-मुंबईत गाडी असेल तर बोल्टाला पाना लावण्याआधी आरटीओत जाऊन विचारा.

सगळं बसवलं, पण रिव्हर्स टाकताना खरखर होते. गिअरबॉक्स उतरवू का?

लगेच नको. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये, क्लच पूर्ण दाबा, दहा सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. तरी खरखरला तर क्लच पुरता सुटत नाही. आता पेडल चार-पाच वेळा भराभर मारून पुन्हा पाहा. या वेळी सुधारलं, तर नळीत हवा आहे, पुन्हा काढा. काहीच फरक नाही आणि बेल हाउसिंगला तपासणीची खिडकी असेल, तर मदतनिसाला पेडल दाबून धरायला सांगा आणि प्लेट-फ्लायव्हीलमध्ये फिलर गेज घाला. तीस थाऊची पात जात नसेल तर बेअरिंगचा प्रवास कमी पडतो आहे: मास्टर सिलिंडरचा व्यास, पेडलचा पूर्ण प्रवास आणि ती आधी सांगितलेली फट, या क्रमाने तपासा.

पात सहज जाते आणि तरीही इनपुट शाफ्ट फिरत राहतो, असं असेल तर मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागेल. क्लच प्लेट उलटी बसली आहे का ते पाहा, तिच्यावर फ्लायव्हीलकडची बाजू छापलेली असते. पायलट बेअरिंग नीट पाहा. शेवटची बोटभर फट बोल्ट आवळून बंद केली असेल, तर ते चेपलेलं असण्याची शक्यता मोठी. गिअरबॉक्स हाताने ढकलून बेल हाउसिंगला पूर्ण टेकला पाहिजे, बोल्ट त्यानंतर. टेकत नसेल तर प्लेट मध्यावर नाही किंवा पायलट बेअरिंग चुकीचं आहे, आणि नवं बेअरिंग घालण्याआधी वर सांगितलेली दोन मापं पुन्हा घ्या.